ब्रुनेईत दोन रात्री: पैसे पुरतील, पण वार कोणता?

प्रश्न थोडक्यात असा: मेलबर्नला शिकणाऱ्या दोन मैत्रिणी डिसेंबरात पुण्याला घरी येणार आहेत. सर्वांत स्वस्त तिकीट ब्रुनेईमार्गे चेन्नईचं मिळतंय. मध्ये ब्रुनेईच्या राजधानीत, बंदर सेरी बेगावानला (पुढे नुसतं 'बंदर') 38 तासांचा थांबा, गुरुवारी संध्याकाळी 7 ते शनिवारी सकाळी 9. दोघी शाकाहारी, अंडं चालतं. दोघींत मिळून 200 ब्रुनेई डॉलर खर्च करायची तयारी. एवढ्यात भागेल का, दोघी मुलींना सुरक्षित आहे का, आणि "सुलतानाचा देश म्हणजे फार महाग असेल ना?"

मी पुण्यात बसून लोकांना वाकड्या वाटेची स्वस्त तिकिटं जोडून देते, त्याला आता 19 वर्षं झाली. स्वतः चार वेळा बंदरला उतरले आहे. त्यातल्या दोन वेळा चूक वारी उतरले, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

तिकिटाचे पैसे भरले नसतील तर वार बदला. गुरुवार संध्याकाळ ते शनिवार सकाळ हा ब्रुनेईतला सगळ्यांत वाईट थांबा. शहरात बघायची जी एक गोष्ट सगळे सांगतात, ती ओमर अली सैफुद्दीन मशीद, गुरुवारी आणि शुक्रवारी बिगरमुस्लिम पाहुण्यांना आतून बघता येत नाही. शुक्रवारी 12 ते 2 जुम्म्याच्या नमाजासाठी दुकानं, हॉटेलं, खानावळी सगळं कायद्यानं बंद. म्हणजे तुमच्या हातातला एकुलता एक पूर्ण दिवस मधोमध चिरला जातो. त्यापेक्षा शनिवारी संध्याकाळी उतरून सोमवारी सकाळी निघता आलं तर बघा. सरकारी सुट्टी तिथे शुक्रवारी आणि रविवारी असते, शनिवारी कचेऱ्या चालू. ही अशी तुकड्यांची सुट्टी मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. रविवारी सकाळी शहराच्या मध्यातले रस्ते गाड्यांना बंद करतात आणि माणसं पोराबाळांसकट सायकली घेऊन उतरतात. एरवी हे शहर इतकं शांत असतं की लोक राहतात तरी कुठे, असं वाटावं. ते त्या सकाळी दिसतात.

दुसरी गोष्ट व्हिसा. भारतीय पासपोर्टवर तो लागतो. विमानतळाबाहेर पडायचं असेल तर तो आधी हातात असू द्या. ऑस्ट्रेलियाचा विद्यार्थी व्हिसा आहे म्हणजे इथे आपोआप सोडतील, असं धरून चालू नका. ब्रुनेईचं उच्चायुक्तालय कॅनबेरात आहे, त्यांना ईमेलनं विचारा आणि लेखी उत्तर जपून ठेवा. तिकीट विकणारा "काही लागत नाही हो" म्हणाला तर त्याला ते लेखी मागा, लगेच आवाज बदलतो. व्हिसाशिवाय, देशात शिरण्याआधी ऑनलाइन भरायचा प्रवेश-अर्जही आहे. तो मेलबर्नलाच भरून ठेवा.

आता महागाईचं. ब्रुनेई म्हणजे सुलतान, सोन्याचे घुमट, 1,788 खोल्यांचा राजवाडा, हे सगळं खरं. सेरिया गावाला 1929 साली तेल लागलं आणि त्यावर हा देश उभा राहिला. क्षेत्रफळ 5,765 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याहूनही लहान. लोकवस्ती साडेचार लाखांच्या आसपास. पगारावर आयकर नाही, आणि सरकार पेट्रोल 53 सेंट लिटरनं देतं. एक ब्रुनेई डॉलर म्हणजे साधारण 65 ते 70 रुपये, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. पेट्रोलच्या या एका आकड्यात तुमच्या थांब्याची सगळी अडचण आहे. पेट्रोल इतकं स्वस्त म्हटल्यावर घरटी दोन-तीन गाड्या. गाड्या आहेत म्हटल्यावर बसनं कोण जाणार? मग बस आहे, पण कमी आहे, आणि संध्याकाळी 6 च्या सुमाराला झोपी जाते. टॅक्स्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. आणि तेल आहे म्हटल्यावर परदेशी पाहुण्याच्या पैशावाचून कुणाचं अडत नाही. त्यामुळे तुमच्यामागे कुणी दलाल लागत नाही, पण तुमच्यासाठी कुणी दुकान उघडं ठेवूनही बसत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की इथे पैशापेक्षा वेळेचा हिशेब आधी मांडायचा. वस्तू स्वस्तच आहेत. बस 1 डॉलर, नदी ओलांडायची नाव 1 डॉलर, भात-कोंबडीचा पुडा 1 डॉलर. फक्त ती बस कधी, आणि तो पुडा कुठे, हे माहीत हवं.

नोटांचं एक सोपं आहे. 1967 च्या करारापासून ब्रुनेई डॉलर आणि सिंगापूर डॉलर एकास एक चालतात. मेलबर्नला ब्रुनेईच्या नोटा शोधत फिरू नका, सिंगापूरच्या घ्या. बंदरच्या कुठल्याही खानावळीत त्या कुरकुर न करता घेतात, फक्त नोट फाटकी नको.

शहराच्या नावाबद्दल एक आगंतुक गंमत. पहिल्यांदा गेले तेव्हा बरोबरची दिल्लीची मुलगी विमानतळावरची पाटी वाचून खो-खो हसत होती, तिच्या डोळ्यांपुढे माकड. आपल्याला मात्र अर्थ चटकन लागतो. बंदर म्हणजे आपलंच बंदर, सेरी म्हणजे श्री, बेगावान म्हणजे भगवान. आत्ताच्या सुलतानाच्या वडिलांनी 1967 मध्ये गादी सोडल्यावर ही पदवी घेतली आणि 1970 मध्ये शहराला त्यावरून नाव मिळालं. देशाच्या पूर्ण नावात 'नेगारा' आहे, तेही आपल्या 'नगर'चंच भावंड. पाट्यांवर वरच्या ओळीत अरबी वळणाची जावी लिपी असते, खाली रोमन. वाचता आलं की निम्मे शब्द ओळखीचे वाटू लागतात.

तुम्ही संध्याकाळी 7 ला उतरताय म्हणजे विमानतळावरून बसचा विषय संपला. शहर जवळच आहे, पण अंधारात सामान ओढत महामार्गाकडेनं चालायचं नाही. ते मी केलंय. शेवटची बस चुकली, पाऊस कोसळायला लागला आणि मी रस्त्याच्या कडेला केळीच्या पानासारखी निथळत उभी होते. दहा मिनिटांत एक गाडी थांबली. आत नवरा-बायको आणि मागच्या सीटवर तीन मुलं. मुलांना एकमेकांच्या मांडीवर बसवून त्यांनी मला जागा केली आणि राहायच्या जागेच्या दारात सोडलं. पैसे घेतले नाहीत, उलट बाईंनी उतरताना चिप्सचं पाकीट हातात दिलं. अशा गोष्टी तिथे बऱ्याच जणांच्या बाबतीत घडतात, पण त्यावर बेत आखू नका. मोबाइलवर 'डार्ट' नावाचं ॲप घ्या, तिथली गाडी बोलवायची सोय तीच. ग्रॅब आणि उबर तिथे शोधू नका. ॲप मेलबर्नलाच उतरवून, नंबर जोडून ठेवा. विमानतळावरची साधी टॅक्सी 20-25 डॉलर घेते, डार्ट त्यापेक्षा स्वस्त पडते.

राहायला शहराच्या मध्यातच घ्या, जालान केटरवरच्या बसथांब्यापासून चालत जाता येईल असं. उपनगरातली स्वस्त खोली तुम्हाला महागात पडेल, कारण प्रत्येक वेळी गाडी. मी शेवटची गेले तेव्हा सामाईक खोलीतली खाट 20 डॉलरच्या आत-बाहेर होती, दोघींना मिळून साधी वेगळी खोली 40-45 ला. दोघी आहात तर खोलीच घ्या, फरक फारसा नाही. एका ठिकाणी मी रात्री 9 ला पोचले तर काउंटरला कुलूप आणि फोन कुणी उचलेना, तासभर पायरीवर बसले होते. तेव्हा पोचायची वेळ कळवून ठेवा आणि त्यांच्याकडून उत्तर येईपर्यंत पिच्छा सोडू नका.

पहिल्या रात्री फक्त दोन कामं. चालत मशिदीपर्यंत जा. 1958 ला बांधून झालेली, 52 मीटर उंच, सोन्याचा घुमट, सभोवती तळं आणि त्या तळ्यात दगडी नाव. 1967 साली कुराण अवतरल्याला 1,400 वर्षं झाली त्या निमित्तानं बांधलेली, सोळाव्या शतकातल्या शाही नावेच्या धर्तीवर. रात्री दिवे लागल्यावर पाण्यात जे दिसतं ते दिवसा दिसत नाही, आणि कुठलाही वार असला तरी बाहेरून बघायला कुणी अडवत नाही. दुसरं काम जेवण, त्याबद्दल पुढे.

दुसऱ्या दिवशी लवकर उठा. विषुववृत्त जवळ आहे, 10 वाजल्यावर ऊन डोक्यावर बसतं आणि डिसेंबरात दुपारनंतर पाऊस बहुतेक ठरलेला. सकाळचे साडेसहा ते साडेदहा हे तुमचे खरे तास. आधी तामू कियांगे, कियांगे नदीकाठचा बाजार. केळफुलं, रानातले नेचे, कलिंगडाएवढे फणसाचे भाऊबंद, आणि पानात गुंडाळून वाफवलेला चिकट भात, त्याला केलुपिस म्हणतात. पातोळ्यांची आठवण यावी असा वास, पण घेण्याआधी आत काय भरलंय ते विचारा, कोलंबी किंवा मांस असू शकतं.

तिथून नदीकाठच्या धक्क्यावर. समोर कांपोंग आयेर, पाण्यावरचं गाव. मॅगेलनच्या मोहिमेबरोबर आलेल्या पिगाफेत्ता नावाच्या इटालियन माणसानं 1521 मध्ये हे खाऱ्या पाण्यात उभं असलेलं शहर पाहून ठेवलं आणि 25,000 चुली असाव्यात असा अंदाज लिहिला. आज इतकी वस्ती राहिलेली नाही, बरेच लोक जमिनीवर आले. पण घरं, शाळा, मशिदी, अग्निशमन केंद्र, नावांसाठी पेट्रोलपंप, सगळं अजून खांबांवर उभं आहे.

जायचं कसं? धक्क्यावर नुसतं उभं राहा. मिनिटभरात लांबट नाव आपलं नाक पायरीला टेकवते. इंजिन चालूच असतं, नावाडी एका हातानं खांब धरून ठेवतो आणि मानेनंच 'या' म्हणतो. पाय नावेच्या मधोमध ठेवा, काठावर नको. एक डॉलर पलीकडे उतरताना द्यायचा, सुटे आधीच मुठीत धरा. नदी दोन मिनिटांत ओलांडते. पलीकडे उतरल्यावर फळ्यांच्या वाटा. काही ठिकाणी एखादी फळी गायब असते आणि फटीतून हिरवट पाणी दिसतं. ओहोटीला वास येतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. दारोदारी कुंड्या, कोंबड्या, मांजरं, छपरावर डिश. गणवेशातली मुलं तुमच्या शेजारून पळत जातात आणि फळी हलल्यावर तुम्हीच कठडा शोधता. आगीत जळालेल्या वस्त्यांच्या जागी सरकारनं काँक्रीटच्या खांबांवर नवी दुमजली घरंही बांधली आहेत. गाड्या मात्र सगळ्यांच्या अलीकडच्या काठावर लावलेल्या. घर पाण्यात आणि गाडी जमिनीवर, हा तेलाचाच परिणाम. धक्क्यालगत छोटं संग्रहालय आणि मनोरा आहे, तो चढून वरून गाव बघा.

इथेच नावाडी विचारतील, "मंकी? मंकी?" म्हणजे लांब नाकाची माकडं, बोर्निओखेरीज जगात कुठे नाहीत. मलयमध्ये त्यांना गमतीनं 'डच माकड' म्हणतात, गोऱ्या साहेबाच्या नाकावरून. सकाळी नाही म्हणा, संध्याकाळी साडेचारचं ठरवा. माकडं दिवस मावळताना नदीकाठच्या झाडांवर येतात. एका नावेचे तासा-दीड तासाचे 40 सांगतील, 30 वर आणा, चार जण जमले तर माणशी आठात जाईल. दुसरी कुणी पाठीवर पिशवी घेतलेली जोडी दिसली की सरळ विचारा. वाटेत राजवाड्याचे घुमट पाण्यावरून दिसतात. तेवढ्यावर समाधान माना, आत फक्त रमजान ईदनंतर तीन दिवस सोडतात. उलट्या दिशेला नदीत एक खडक आहे, जोंग बातू. श्रीमंत होऊन परतलेल्या मुलानं गरीब आईला ओळख दिली नाही, तिच्या शापानं त्याचं जहाज दगड झालं, अशी गोष्ट. नावाडी ती सांगतो तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

मशीद आतून बघायची तर शनिवार ते बुधवार, नमाजाच्या मधल्या वेळांत. काळा झगा तिथेच देतात, चपला बाहेर, आत फोटो नाही. वेळ उरला तर कियारोंगची जामे अस्र हस्सनिल बोलकिया मशीद, 1994 ची, 29 सोनेरी घुमट, कारण आत्ताचे सुलतान 29 वे. मला विचाराल तर पहिलीच जास्त देखणी. दुसरी भव्य आहे.

आता खाणं. स्वस्त खाण्याचा राजा म्हणजे नासी कातोक: भात, तळलेल्या कोंबडीचा तुकडा आणि सांबाल नावाची तिखट चटणी, तपकिरी कागदात, 1 डॉलर. 'कातोक' म्हणजे दार ठोठावणे, रात्री भूक लागली की विकणाऱ्याचं दार ठोठावायचं. तुमच्या कामाचं ते नाही, पण बरेच जण कोंबडीऐवजी अंडं घालून देतात. अडचण सांबालाची आहे. त्यात बहुधा बलाचान, म्हणजे कोलंबी आंबवून केलेली वडी कुटलेली असते. नुसत्या दिसणाऱ्या पालेभाजीतही तीच. "मांस नको" म्हटल्यावर ती निघत नाही, कारण त्यांच्या लेखी ते मांस नव्हेच. शब्द पाठ करा: "तानपा बलाचान", बलाचानशिवाय. तरी खात्री हवी असेल तर तमिळ मुसलमानांच्या खानावळी गाठा. शहराच्या मध्यात त्या आहेत. रोटी कोसोंग, म्हणजे नुसता पापुद्र्यांचा पराठा, बरोबर डाळ, आणि उंचावरून ओतलेला तेह तारिक चहा. तीन-चार डॉलरांत पोट भरतं.

रात्री गाडोंगचा बाजार. मध्यापासून चार किलोमीटर, जाताना-येताना डार्ट. तळलेली केळी, भाजलेली कणसं, उसाचा रस, रंगीत गोड वड्या, हे सगळं एक-एक डॉलरचं. इथे अंबुयात मिळाली तर चाखा. आपला साबुदाणा टॅपिओकाचा असतो, ही त्या मूळच्या सागूच्या झाडाची खळ. अगदी पोस्टर चिकटवायची खळ घ्या, तीच. बांबूच्या दोन काड्या वरून जोडलेल्या असतात, त्यांना चांदास म्हणतात. त्या खळीत फिरवून गोळा करायचा, आंबट-तिखट पातळ चटणीत बुडवायचा आणि न चावता गिळायचा. खळीला स्वतःची चव नाही, सगळा खेळ चटणीचा. तिथेही बलाचानचा प्रश्न विचाराच.

सुरक्षिततेचं: रात्री 10 ला नदीकाठी चालायला मला तिथे कधी भीती वाटली नाही, तुम्हा दोघींनाही वाटू नये. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, एवढं पुरे. डोक्यावर रुमाल फक्त मशिदीत. बोट दाखवायचं तर तर्जनीनं नको, उजव्या हाताचा अंगठा वापरतात. पिवळा रंग राजघराण्याचा, तिथे तो घालू नका.

कायदे मात्र कडक आहेत आणि ते गंमतीवारी नेऊ नका. दारूविक्री 1991 पासून बंद. बिगरमुस्लिम प्रवाशाला स्वतःपुरत्या दोन बाटल्या आणि बिअरचे 12 डबे आणता येतात, पण कस्टममध्ये फॉर्म भरून, आणि प्यायचं बंद दाराआड. दोन रात्रींसाठी हा व्याप कशाला? सिगारेटला सवलत नाही, करच भरावा लागतो. अमली पदार्थांना फाशीची तरतूद आहे, तेव्हा कुणाची पिशवी "जरा चेन्नईपर्यंत" घेऊ नका. समलिंगी संबंधांविरुद्धचे 2019 चे शरियत कायदेही पुस्तकात आहेत. देहदंडाला स्थगिती आहे, कायदा मागे घेतलेला नाही. ज्याला याचा थेट संबंध आहे त्यानं इथे थांबावं की नाही हे स्वतः ठरवावं, मी आग्रह करणार नाही. रमजानमध्ये दिवसा खानावळीत बसून खाता येत नाही, तुमच्या डिसेंबरात तो प्रश्न नाही.

तेंबुरोंगच्या जंगलाचे फोटो बघून मोह होईल. 2020 मध्ये 30 किलोमीटरचा पूल झाल्यापासून तिकडे जाणं सोपं झालं हे खरं. पण लांब होडी, झाडांच्या शेंड्यांवरचा पूल, वाटाड्या मिळून माणशी शंभर डॉलरच्या वर जातं आणि पूर्ण दिवस जातो. तुमच्या पैशात बसत नाही. त्याऐवजी तासेक लामा, शहरातून चालत अर्ध्या तासावर, फुकटात जंगल आणि छोटा धबधबा. पावसाळी दिवसात जळवा असतात, मोजे वर ओढा.

वार बदलताच आला नाही तर शुक्रवारचा क्रम असा ठेवा: 7 ला बाजार, 8 ला पाण्यावरचं गाव, साडेदहाला परत, 11 ला पोटभर जेवून घ्या. 12 ते 2 खोलीत झोपा, बाहेर पाणीसुद्धा मिळणार नाही. 3 ला तासेक लामा, साडेचारला माकडं, रात्री गाडोंग. मशीद बाहेरूनच.

हिशेब: खोलीचे दोन रात्रींचे 90, डार्टचे सगळे मिळून 45, खाण्याचे 40, नावा 19 (माकडांच्या नावेत आणखी दोघं मिळाली तर). 194 झाले. शनिवारी सकाळी 9 चं विमान म्हणजे साडेसहाला निघायचं. तेवढ्या सकाळी गाड्या मोजक्याच, डार्ट आदल्या रात्रीच ठरवून ठेवा. उरलेल्या ब्रुनेईच्या नोटा चेन्नईत कुणी बदलून देणार नाही. पण सिंगापूरमध्ये त्या एकास एक चालतात, ओळखीत कुणी तिकडे जाणारं असेल तर त्याच्या गळ्यात घाला.